म्युझियम पाहायचं ते असं

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आलेली बरीचशी मंडळी तिकीट काढतात आणि तडक दालनांकडे धावतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी बागेत थांबा. ही इमारत नीट पाहिली की आतल्या वस्तू कशा पाहायच्या तेही उमगू लागतं.

पायाभरणी १९०५ सालची, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुकाराची निवड झाली. गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच. बांधकाम १९१४ च्या सुमारास झालं, पण महायुद्ध पेटल्यामुळे इमारतीत लष्करी इस्पितळ आलं आणि लोकांसाठी दारं उघडायला १० जानेवारी १९२२ उजाडला. आजचं नाव १९९८ पासूनचं.

भिंतींचा निळसर करडा दगड कुर्ल्याचा बेसाल्ट, पिवळसर दगड मालाडचा. दोन्ही ठिकाणं आज मुंबईच्याच हद्दीत आहेत. दगड इथला आणि घडणही दख्खनी. त्यातलं खरं कौशल्य मधल्या दालनात उभं राहून वर पाहिलं की दिसतं.

चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा, तर चारही कोपरे उघडे पडतात. विजापूरच्या गोलघुमटात कारागिरांनी यावर तोड काढली ती एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची. कागदावर एक चौरस काढा, त्यावर तेवढाच दुसरा चौरस तिरका फिरवून ठेवा. आठ टोकांचा तारा होतो आणि मधे अष्टकोन उरतो. कमानी याच रेघांवर उभ्या आहेत. अष्टकोन वर्तुळाच्या बराच जवळ जातो, म्हणून घुमटाला बूड मिळतं आणि त्याचा भार कमानींमधून खाली उतरतो. घुमट बाहेरच्या बाजूला रेटा देतो, तर कमानींच्या मधला आत झुकलेला भाग त्या रेट्याला तोलून धरतो. विटेटने आतल्या कमानींसाठी ही विजापुरी रचना समोर ठेवली. घाई करू नका, एकेका कमानीवरून नजर वर नेत घुमटापर्यंत जा. दालनातलं जुनं लाकूडकामही पाहा. नाशिकच्या एका जुन्या वाड्याचे खांब, कठडे आणि सज्जा विकायला निघाले होते, ते विटेटने विकत घेऊन इथे बसवले.

दुसरीकडची वस्तू आपल्या मूळ जागेची खूण अंगावर घेऊन येते. म्हणूनच पुढच्या प्रत्येक दालनात एकच प्रश्न विचारत जावं: ही वस्तू मुळात कुठे होती आणि लोक ती कुठून पाहत होते?

शिल्पदालनात ऐहोळेच्या हुच्चप्पय्या मंदिरातल्या मोठ्या शिला आहेत. ब्रह्मा, शेषावरचा विष्णू आणि शिवपार्वती, काळ साधारण सातव्या शतकाचा. आज त्या आपल्यासमोर उभ्या दिसतात, पण मुळात त्या मंदिराच्या छतात आडव्या होत्या. पाहणारा खाली उभा, मान वर, मंडपात उजेड बेताचा. खालून, तेही अंधुकात, ओळखू यावं म्हणून आकृती ठसठशीत हवी. हे लक्षात ठेवून शिलेच्या अगदी जवळ जा आणि खालून वर पाहा. समोरून सपाट वाटलेली आकृती उठून येते. मला हा भाग साऱ्या संग्रहालयात सर्वांत मोलाचा वाटतो.

सिंधमधल्या मीरपूर खासच्या बौद्ध स्तूपाची भाजक्या मातीची शिल्पंही इथेच आहेत. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून ती मुंबईला आली.

लघुचित्रांकडे जाताना मात्र नजरेची सवय पार बदलावी लागते. ही चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. ती हातात घेऊन, कलती करत, वीतभर अंतरावरून पाहिली जायची. नानासाहेबांच्या काळापासून पेशवाईचा कारभार जवळून पाहिलेल्या नाना फडणिसांच्या संग्रहातली काही चित्रं शेठ पुरुषोत्तम मावजींकडे आली आणि १९१५ साली मावजींचा संग्रह संग्रहालयाने घेतला. अकबराच्या चित्रशाळेतल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ची पानंही इथे आहेत. ते पंचतंत्राच्या परंपरेतल्या कथांचं फारसी रूप.

चित्राचा कागद पालथा घालून पाठीमागून अकिकाने घोटत. त्यामुळे रंग कागदात दबून बसायचे आणि पृष्ठभागावर मंद चकाकी यायची. सोन्याचं काम पान कलतं केल्यावर उजळतं. काचेमागचं पान आपल्याला हलवता येत नाही, तेव्हा आपणच डावीउजवीकडे सरकावं. बसोहली शैलीच्या चित्रांत पाचूसाठी कधी कधी भुंगेऱ्याच्या हिरव्या पंखाचा तुकडा चिकटवलेला असतो. तोही असाच चमकतो.

इथे उजेड इतका कमी का, अशी कुरकूर कानावर येते. कागद आणि वनस्पतिजन्य रंग उजेडाने फिके पडतात, आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपर्यंतच प्रकाश ठेवण्याचा दंडक आहे. आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं थांबा, डोळे सरावतात.

बाकी पुष्कळ आहे. अकबराचं चिलखत आणि ढाल आहे, रतन टाटा आणि दोराब टाटा यांच्या संग्रहांतली युरोपीय चित्रं आणि चिनी-जपानी कलावस्तू आहेत. शताब्दीच्या निमित्ताने झालेल्या इमारतीच्या जतनकामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा-पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य होता.

एका दिवसात सगळं पाहायचा अट्टाहास धरू नका. पहिल्या खेपेला मधलं दालन, शिल्पं आणि लघुचित्रं एवढंच पाहा. मुलं बरोबर असतील तर निसर्गविभागासाठी वेगळा दिवस ठेवा; १९२६ च्या सुमारास तिथे लोकांना पक्षी-प्राण्यांची माहिती सांगायला तरुण सलीम अली नोकरीला होते.