एका क्रियापदाचे ६४५ अर्थ

इंग्रजी भाषेत सर्वाधिक अर्थ कोणत्या शब्दाला, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत निघाला की ‘सेट’ हे उत्तर ठरल्यासारखे येते, आणि त्या उत्तरास एके काळी भक्कम आधारही होता. कारण १९२८ साली पूर्णत्वास गेलेल्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात आणि पुढे १९८९ साली निघालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतही सर्वांत दीर्घ नोंद याच क्रियापदाची होती, आणि दुसऱ्या आवृत्तीत तर त्याच्या ४३० अर्थांच्या विवरणास सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. पण त्या कोशाच्या संपूर्ण दप्तराची फेरतपासणी सुरू होऊन तिचे हप्ते २००० सालापासून इंटरनेटवर प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा हा मान ‘सेट’कडे राहिला नाही. प्रथम ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि अखेर २०११ मध्ये ‘रन’ने तो पटकावला. ‘रन’च्या केवळ क्रियापदरूपाचे ६४५ अर्थ कोशकारांनी वेगळे काढले असून पीटर गिलिव्हर या एका संपादकाचे सुमारे नऊ महिने त्या एकाच नोंदीत गेले. ‘सेट’च्या कीर्तीत आणखी एक घोटाळा आहे. बसवणे, ठेवणे या अर्थाचे क्रियापद अस्सल इंग्रजी कुळीचे, तर संच या अर्थाचे नाम लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंच मार्गाने आलेले, उच्चार एक झाला म्हणून दोन निराळ्या शब्दांचे उत्पन्न एकाच खात्यावर जमा करण्याची चूक लोक सर्रास करतात. मराठीत मान म्हणजे ग्रीवा आणि मान म्हणजे आदर हे एकाच शब्दाचे दोन अर्थ नव्हेत. तसाच हा प्रकार.

६४५ हा आकडा ऐकून इंग्रजी शिकणाऱ्याची छाती दडपते, कारण त्याला वाटते की इंग्रज मूल हे सगळे अर्थ पाठ करते आणि आपणही ते केल्यावाचून सुटका नाही. या भीतीच्या मुळाशी एक मोठा गैरसमज आहे. शब्दाचे अर्थ हे घराच्या उंबऱ्यांसारखे आधीच वेगवेगळे उभे असून कोशकार केवळ त्यांची खानेसुमारी करतो, अशी ही समजूत असते. वस्तुतः एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे ठरवण्याचा अधिकार कोशकाराच्या विवेकाकडेच असतो. घोडा धावणे आणि माणूस धावणे यांना एक कोशकार एकाच कलमात घालील, तर दुसरा दोन पोटकलमे करील, आणि दोघांपैकी कोणासही खोटे ठरवता येणार नाही. हाती बाळगण्याच्या कोशात याच शब्दाचे अर्थ काही डझनांत आटोपतात, ते त्याच्या संपादकास इंग्रजी कमी येते म्हणून नव्हे. शिवाय ऑक्सफर्डचा कोश हा इतिहासनिष्ठ आहे. एकदा दाखल झालेला शब्द किंवा अर्थ तेथून काढून टाकण्याचा शिरस्ता नाही. तो वापरातून गेला तर त्याच्यापुढे कट्यारीच्या आकाराची खूण येते, इतकेच. म्हणजे ६४५ मध्ये मृतांचीही गणना आहे. दूध थिजणे हा ‘रन’चा एक जुना अर्थ आजच्या बहुतेक इंग्रजांना ठाऊकही नसेल, जरी चीज करताना दूध थिजवणाऱ्या ‘रेनेट’च्या नावात तो शाबूत राहिला आहे.

या क्रियापदाचा खरा अर्थ पायांनी धावणे हा, आणि बाकीचे सर्व लाक्षणिक, किंबहुना आळशी बोलणाऱ्यांनी केलेले अपभ्रष्ट प्रयोग, असे मानणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या करारीपणाबद्दल आदर बाळगूनही त्यांच्याशी सहमत होणे शक्य नाही. जर्मन भाषेत ‘रिनेन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे अशी दोन सगोत्र क्रियापदे आजही अलग नांदतात. इंग्रजीत या जुन्या जोडीचे प्रवाह एकत्र मिळून ‘रन’ झाले. तेव्हा नदीचे ‘रन’ होणे ही कोणा कवीची नंतरची कल्पना नव्हे. ते माणसाच्या धावण्याइतकेच पुरातन आहे. अखंड, सहज, आपल्या ओघाने चाललेली गती हा गाभा एकदा ध्यानात घेतला म्हणजे पुढील विस्तार आपोआप उलगडतो. नळ वाहतो, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, रस्ता डोंगराच्या कडेने जातो, नाटकाचे प्रयोग होत राहतात, भाडेपट्टा अमुक मुदतीपर्यंत अमलात असतो, एखादा रोग घराण्यात पिढीजात असतो, वृत्तपत्र लेख छापते, चोरटा व्यापारी सीमेपलीकडे बंदुका पोहोचवतो: मराठीत ज्यांना इतकी निरनिराळी क्रियापदे लागली, त्या सर्वांना इंग्रजी एकटे ‘रन’ पुरवते.

आणि मग यंत्रयुग आले. कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या, १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या दरम्यान आगगाडी धावू लागली, आणि थकवा न जाणता अविरत फिरणाऱ्या या नव्या वस्तूंसाठी नवे क्रियापद घडवण्याऐवजी इंग्रजीने ओघाचे हे जुनेच क्रियापद कामास लावले; इतकेच नव्हे, तर ते सकर्मक करून कारखान्याचा कारभार पाहणाऱ्यालाही बहाल केले, आणि पुढे संगणकावरील प्रोग्रॅमही त्याच वाटेने गेला. मराठीने हे सारे काम चालणे आणि चालवणे यांच्याकडे सोपवले. घड्याळ चालते, दुकान चालते, संसार चालतो, खटला चालतो. इंग्रजांची यंत्रे धावतात आणि आपली चालतात, यावरून कोणी दोन समाजांच्या स्वभावाविषयी सिद्धांत काढू लागला तर त्यास वेळीच थांबवावे; दोन्ही भाषांनी गतीचे हाताशी असलेले क्रियापद उचलले, यापलीकडे त्यात काही नाही.

एका शब्दाला इतके अर्थ देणारी भाषा शब्दांना महाग असली पाहिजे, असाही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यास आपल्याच तोंडी अष्टौप्रहर असलेल्या ‘लागणे’ची आठवण नसते. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, ग्रहण लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, एखाद्याला गाडी लागते, तर दुसरीकडे गाडी फलाटाला लागते. अमका आपला मामा लागतो, आमटी खारट लागते, घाट ओलांडला की गाव लागते, मूल रडू लागते आणि आईला उठावे लागते. या सर्वांस एकच प्रतिशब्द शोधणाऱ्या परदेशीय विद्यार्थ्याची जी अवस्था होत असेल, तीच ‘रन’पुढे आपली होते. नियम असा दिसतो की जो शब्द जितका अधिक वापरला जातो, तितके त्याचे अर्थ वाढतात. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज किंग्झली झिफ याने १९४५ मध्ये या संबंधास गणिती रूप दिले. त्याच्या हिशेबाने अर्थांची संख्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दास स्थूलमानाने दहापट अर्थ. अर्थबाहुल्य हे दारिद्र्याचे लक्षण मानायचे, तर जगातील प्रत्येक भाषा दरिद्री ठरेल.

याहून हानिकारक समजूत म्हणजे लहान शब्द सोपे आणि लांबलचक शब्द कठीण, ही. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत गेट, गिव्ह, पुट, सेट, रन, टेक अशा क्रियापदांची यादीच देऊन त्यांनी आपले श्रम किती वाढवले याची तक्रार केली आहे, आणि क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ पालटण्याच्या इंग्रजी वहिवाटीने परकीयांना सर्वांत अधिक त्रास होतो, हेही तेथेच बजावले आहे. ‘टेक’ला तर त्याला १३४ अर्थ द्यावे लागले. हा इशारा विसरूनच १९३० साली चार्ल्स ऑग्डेनने अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ उभी केली, तीत क्रियापदे अठराच ठेवली, आणि चर्चिलसारख्या मुत्सद्द्याने तिची शिफारस केली. कागदावर ही काटकसर मोठी मोहक दिसते. प्रत्यक्षात त्या अठरांतील गेट, पुट, टेक यांच्यापुढे अप, आउट, ऑफ ही अव्यये बसवली की हजारो नवे अर्थ मागील दाराने आत येतात आणि विद्यार्थ्याला ते शब्दाशब्दांच्या बेरजेतून कळत नाहीत. ‘कॉन्स्टिट्यूशन’चे मोजके अर्थ एकदा शिकले की झाले. पण ‘रन आउट’ म्हणजे घरातील साखर संपणे की फलंदाज धावबाद होणे, हे वाक्यातील साखर किंवा फलंदाज सांगतो, क्रियापद नव्हे. म्हणूनच अशा क्रियापदांच्या अर्थांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा त्यांचे कर्ते आणि कर्मे कोण असतात, ते लक्षात ठेवावे.

कोशातील पहिला अर्थ तोच मुख्य अर्थ, ही समजूतही सोडून द्यावी. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात पहिला मान जुनेपणाला असतो, तर विद्यार्थ्यांच्या कोशांत बहुधा वापराला.

राहता राहिला प्रश्न देशभेदाचा. कारण इंग्रजी सर्वत्र एकच, असे समजून अमेरिकन वृत्तपत्र वाचणारा निवडणुकीच्या दिवसांत हमखास अडखळतो. अमेरिकेतील उमेदवार अध्यक्षपदासाठी धावतो, तेथे ‘रन’ चालते; इंग्लंडमधील उमेदवार पार्लमेंटसाठी उभा राहतो, तेथे ‘स्टँड’. मराठी उमेदवारही उभाच राहतो. मात्र अर्ज मागे घेण्याची मुदत जवळ येताच तो कधी बसतो, कधी त्याला बसवले जाते, आणि ‘बसणे’चा हा अर्थ लंडनच्या उमेदवाराला मराठी मतदारसंघात आल्याशिवाय कळायचा नाही.