पाऊस मुबलक, वैरण तोकडी: सिंधुदुर्गातील दूध आणि मका

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून इथे चाऱ्याची ददात नसावी, असे घाटावरच्या माणसाला वाटते. पण हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि जांभ्याच्या कातळावरून व्हाळांवाटे समुद्राला मिळतो. दिवाळीनंतर सड्यावरचे गवत वाळू लागते आणि पुढे गोठ्याची मदार भाताच्या पेंढ्यावर राहते. पेंढ्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने जेमतेम 3-4 टक्के. त्यावर दूध टिकत नाही. मग पेंड आणि पशुखाद्य घाट उतरून येते. मालवण-तारकर्लीत पर्यटकांमुळे दुधाला गिऱ्हाईक वाढते, तेही याच कोरड्या महिन्यांत.

दूध जास्त म्हणजे नफा जास्त, हा समज सर्वांत महागात पडतो. दुधाच्या खर्चात साधारण दोन तृतीयांश वाटा खाद्याचा असतो. होल्स्टीन संकराची गाय किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात खाणे कमी करते, उशिरा गाभण राहते, आणि भाकड काळातही तिला वैरण लागतेच. म्हणून गावठी गायच बरी, असेही नाही. कोकण कपिला ही इथली गावठी गाय काटक आणि कमी खाणारी खरी, पण दिवसाला दोन-अडीच लिटरवर घर चालत नाही. तिचा हिशेब शेण, बैल आणि घरच्या दुधात धरावा लागतो. घरच्या वैरणीवर किती दूध निघते, हे पाहून गाय निवडलेली बरी.

घरच्या वैरणीसाठी मका लावावा, तर तो फार पाणी पितो, हीही तक्रार ऐकू येते. वायंगणी (उन्हाळी) भाताला लागणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात चाऱ्याचा मका 65-70 दिवसांत कापणीला येतो. त्याला खरा धोका तुंबलेल्या पाण्याचा: पावसाळ्यात भाताच्या मळ्यात मुळे कुजतात, तेव्हा जागा वरकस उताराचीच हवी. भात कापल्यावर मात्र विहिरीजवळचा मळा उत्तम. ‘आफ्रिकन टॉल’ वाणाचे हेक्टरी 50 टन उत्पन्न धरले तर गुंठ्याला 500 किलो, म्हणजे दिवसाला 20 किलोप्रमाणे एका गायीला 25 दिवस. पंधरवड्याच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरलेले पाच गुंठे तिला चार महिने पुरतात. बियाणे गुंठ्याला पाऊण किलो. माकडे आणि गवे यांचा उपद्रव असेल तिथे उत्पन्नाचा आकडा अर्थातच खाली येतो.

हिरवा मका घातला की पेंड बंद, हेही खरे नाही. मक्यातील प्रथिने कोरड्या वजनावर 8-9 टक्केच. भातामागून ओलीवर येणारी चवळी सोबत दिली तर पेंडीचा खर्च हलका होतो. शिवाय चार किलो हिरव्या मक्यात जेवढा कोरडा अंश असतो, तेवढा एक किलो पेंढ्यात असतो. त्यामुळे किलोच्या भावाने दोन्हींची तुलना फसवी ठरते.

शेणाला हिशेबात कोणी धरतच नाही. चार-पाच जनावरांचे रोजचे 50 किलो शेण दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला पुरते. त्यातून साधारण सोळा-सतरा दिवसांत 14.2 किलोच्या एका सिलिंडरइतका गॅस मिळतो, आणि उरलेली स्लरी पुन्हा मक्याच्या वाफ्यात जाते.