चिलीम की गोळी? टेन्शनवर नेमकं काय काम करतं

"डोक्याला लई टेन्शन झालं की दोन झुरके मारायचे, झोप लागते," असं पारावर सर्रास ऐकू येतं. हाच माणूस डॉक्टरनं दिलेल्या गोळीला मात्र घाबरतो. म्हणे सवय लागते.

गांजातला टीएचसी हा घटक काही मिनिटांत मेंदूवर चढतो, हलकं वाटतं, हे खोटं नाही. पण दोन-चार तासांत तो उतरतो. रोज ओढणाऱ्यानं सोडलं की चिडचिड होते, जीव घाबरतो, झोप उडते. त्याला वाटतं आजारच वाढला, म्हणून परत चिलीम. जास्त झाला तर हाच गांजा छातीत धडधड आणतो, मनात संशय भरवतो. कोवळ्या पोरांना तर वेड लागायचा धोका.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गांजातल्या घटकांवरचे ८३ अभ्यास तपासले. त्यानं डिप्रेशन बरं होतं असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. त्याआधी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डिप्रेशनवरच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा आढावा आला. सगळी औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक फार मोठा नव्हता, तेही सांगायला पाहिजे.

एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन या त्यातल्याच गोळ्या. लोक फसतात ते इथंच. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी कीड मेलेली दिसते, तसं यांचं नाही. शेणखतासारखं सावकाश काम. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, अन् मळमळ, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात. आमच्या भावकीतल्या एकानं आठव्या दिवशी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या होत्या. पंचविशीच्या आतल्या पोराला गोळी सुरू केली तर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवायची, एकदम तोडायची नाही.

सवय लागते ती अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्यांची. त्या वेगळ्या. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका.

शिवाय गांजा बाळगणं, तुरीत दोन झाडं लावणं हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं गुन्हा आहे.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचे डॉक्टर भेटतात. जायला जमत नसेल, किंवा जीव द्यायचे विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट अन् चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. गांजा ओढत असाल तर डॉक्टरला तेही सांगा, गोळी ठरवताना त्यांना ते लागतं.