फेकलेली फाईल आणि पाहणारे डोळे

सन १९१७ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिकून आलेला हा अधिकारी. तरीही कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे फायली दुरूनच फेकत आणि तेथे त्यांना पिण्याचे पाणीही मिळत नसे, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. येथे उद्धटपणा करणारे हाताखालचे होते, हे ध्यानी घ्यावे. जातीच्या उतरंडीपुढे हुद्द्याची उतरंड निष्प्रभ ठरली.

त्या कचेरीत इतरही कर्मचारी असणारच. फेकलेली फाईल त्यांना दिसली नसेल, हे संभवत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फेकणाऱ्यांपेक्षा या पाहणाऱ्यांचेच कोडे मला अधिक पडत आले आहे.

आज फाईल कोणी फेकत नाही. ‘तुम्हा लोकांना सगळे आयतेच मिळते’ असे हसत म्हटले जाते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कार्यालयात एका वरिष्ठांनी मला हेच सुनावले, तेव्हा भोवती चौघे होते. एकाने चष्मा पुसायला घेतला. मीही गप्प राहिलो, कारण माझा वेतननिश्चितीचा कागद त्यांच्याच सहीसाठी अडला होता. बाहेर आल्यावर त्यांतल्याच एकाने मला आग्रहाने चहा पाजला.

हे मौन म्हणजे संमती नव्हे. तो पोटाचा हिशेब असतो. कायम नोकरदाराला गोपनीय अहवालाची व बदलीची धास्ती, तर कंत्राटी कामगाराला मुदतवाढीची. आपल्या शाळेतून वाशीम, अकोला, पुण्याकडे गेलेल्या कित्येकांना हे सांगावे लागणार नाही.

कायदा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा मानहानीच्या हेतूने केलेला अपमान गुन्हा ठरतो; मात्र तो लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या अपमानाला हे कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडातील एका प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे बंद केबिनमधले बोलणे बहुधा निसटते, आणि चारचौघांतले सिद्ध करायला तेच चारचौघे लागतात. म्हणून तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द व हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत.

मी ती लिहिली नव्हती. त्या चौघांपैकी आज दोघांचीच नावे आठवतात. त्यांत चहा पाजणाऱ्याचे नाही.