सौर पंप, वीज आणि विहिरीचे पाणी

सूर्यप्रकाशापासून थेट वीज निर्माण करणारी पॅनेले आता खेड्यापाड्यांतून अपूर्वाईची राहिलेली नाहीत. रस्त्यावरील दिव्याच्या खांबावर, शाळेच्या छपरावर आणि विहिरीच्या काठावर ती दृष्टीस पडतात. यांपैकी विहिरीच्या काठावरील पॅनेलांचा विचार विशेष अगत्याचा आहे. कारण त्यांचा संबंध केवळ विजेशी नसून जमिनीखालील पाण्याशीही आहे. तो कसा, हे समजण्यासाठी प्रथम ही वीज कशी निर्माण होते ते पाहू.

सौर घटाचे कार्य

सौर घट बहुधा सिलिकॉन या मूलद्रव्याच्या पातळ चकतीचा केलेला असतो. वाळूत हे मूलद्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या रूपात विपुल असते. शुद्ध केलेल्या सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरसचा व दुसऱ्या थरात बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळला, म्हणजे दोन्ही थरांच्या संधीपाशी विद्युत्क्षेत्र तयार होते. चकतीवर प्रकाश पडताच काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे क्षेत्र त्यांना एका दिशेने लोटते व तारा जोडल्यास वीज वाहू लागते. यात कोणताही भाग फिरत नाही की इंधन जळत नाही. एका घटाचा दाब सुमारे अर्धा व्होल्ट असतो. म्हणून अनेक घट साखळीप्रमाणे जोडून पॅनेल तयार करतात.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. ही वीज उन्हाच्या उष्णतेपासून नव्हे, तर प्रकाशापासून मिळते. उलट पॅनेल अधिक तापले तर उत्पादन काहीसे घटते. दुसरे असे की, साखळीतील एखाद्या घटावर झाडाची सावली पडली, तरी तिचा परिणाम त्या एकाच घटापुरता राहत नाही.

प्रयोगशाळेपासून शेतापर्यंत

प्रकाशाने विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ साली दाखवून दिले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी तयार केला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के शक्तीचे तो विजेत रूपांतर करी. १९५८ साली व्हॅनगार्ड या उपग्रहावर असे घट बसविण्यात आले. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाने १९७७ साली सौर घट विकसित केला. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. आजची चांगली पॅनेले प्रकाशाच्या सुमारे २० टक्के वा त्याहून अधिक शक्तीची वीज करतात आणि त्यांचे आयुष्य सुमारे २५ वर्षे धरले जाते. आपल्या हवामानात १ किलोवॉट क्षमतेची पॅनेले वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात.

लाभ आणि धोका

सिंचनासाठी ही वीज विशेष सोयीची आहे. पाण्याची गरज दिवसा भागविता येते आणि पाणी टाकीत वा शेततळ्यात साठविता येत असल्यामुळे बॅटरीवाचून काम चालते. अनेक ठिकाणी शेतीची वीज रात्री मिळत असल्याने शेतकऱ्यास अंधारात, विंचूकाट्याचे भय पत्करून पाणी द्यावे लागते. सौर पंपामुळे तो त्रास टळतो.

परंतु याच सोयीत एक धोका दडलेला आहे. डिझेलचे इंजिन चालविताना प्रत्येक तासाला इंधन जळते. त्यामुळे पिकाची गरज भागताच शेतकरी ते बंद करतो. सौर पंप एकदा बसविल्यावर पुढील तासाचा खर्च जवळजवळ शून्य असतो. पंप थांबविण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. भूगर्भातील साठा मात्र तेवढाच राहतो. एकाने अधिक उपसा केला की शेजाऱ्याच्या विहिरीची पातळीही खाली जाऊ शकते. शिवाय पावसाळ्यात व पिके निघाल्यावर पंपाची गरज नसते. त्या काळात पॅनेलांची वीज वाया जाते.

धुंडीचा प्रयोग

या दोन्ही अडचणींवर गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी एक मार्ग शोधण्यात आला. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या साहाय्याने तेथील ६ शेतकऱ्यांनी सौर सिंचकांची सहकारी संस्था स्थापन केली. २०१६ साली संस्थेने मध्य गुजरात वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. या कंपनीचे मुख्य कार्यालय वडोदरा येथे आहे. सभासदांचे पंप वीजवाहिनीस जोडण्यात आले आणि शिल्लक वीज कंपनीने प्रति युनिट ४ रुपये ६३ पैसे दराने घ्यावी असे ठरले.

हिशेब सोपा आहे. ५ किलोवॉटची पॅनेले दिवसाला सुमारे २० युनिट वीज देतात. या दराने तिची किंमत सुमारे ९२ रुपये होते. पंप विनाकारण चालविला, तर तेवढे उत्पन्न बुडते. म्हणजे उपशाला पुन्हा मोल आले आणि वीज हे शेताचे जणू दुसरे पीक ठरले. पुढे २०१८ साली गुजरात शासनाने सूर्यशक्ती किसान योजना जाहीर केली. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेतही स्वतंत्र सौर पंपांबरोबरच वाहिनीस जोडलेले पंप सौर विजेवर आणण्याची तरतूद करण्यात आली.

तथापि हा उपाय सर्वत्र आपोआप यशस्वी होईल असे नाही. विजेचा दर फार कमी असेल, तर शेजाऱ्यास पाणी विकणे अधिक किफायतशीर ठरते व उपसा वाढतो. वाहिनी वारंवार बंद पडत असेल, तर शिल्लक वीज विकता येत नाही. मीटरची नोंद व रकमेचे वाटप वेळेवर न झाल्यास शेतकऱ्याचा विश्वास उडतो. यास्तव पंपांची संख्या मोजण्याइतकेच वाहिनीची स्थिती व पाण्याची पातळी तपासणे अधिकाऱ्यांनी आवश्यक मानावे.

गावाने काय करावे

पॅनेले दक्षिणाभिमुख असावीत व त्यांचा उतार साधारणतः स्थानाच्या अक्षांशाइतका असावा : पणजीस सुमारे १५ अंश, बेळगावास १६, हैदराबादेस १७, वडोदऱ्यास २२, इंदुरास २३, तर ग्वाल्हेरीस २६. त्यांवरील धूळ सकाळी, पॅनेल थंड असताना, स्वच्छ पाण्याने धुवावी. नवा पंप घेण्यापूर्वी विहिरीत उन्हाळ्यात किती पाणी टिकते, याचा विचार अवश्य करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील एकदोन विहिरींची पातळी दरमहा दोरीने मोजून शाळेच्या वहीत लिहून घ्यावी. दोनतीन वर्षांच्या नोंदी जमल्या, म्हणजे नव्या पंपाची मागणी आली असता ग्रामसभेला त्या आधारे निर्णय घेता येईल.