दोर ओढणारे किती?

पहाटे ५.३०, दांडी किनारा
अजून अंधार आहे. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी रेघ. होडी जाळं सोडत अर्धगोलात फिरून किनाऱ्याला लागली आणि रापणीच्या दोन्ही टोकांचे दोर माणसांनी हाती घेतले. मी जिल्ह्यातल्या एका दैनिकाची वार्ताहर. बातमी लिहिता येते. मोठा लेख लिहायला आता शिकते आहे, एका निवृत्त संपादकांकडे. त्यांनी दिलेला गृहपाठ: रापणीवर दीड हजार शब्द. पहिल्या खर्ड्यात मी 'असंख्य राबते हात' असं लिहिलं होतं. सरांनी समासात विचारलं, ‘असंख्य म्हणजे किती?’

म्हणून आज मोजते आहे. उत्तरेच्या दोरावर १८, दक्षिणेच्या दोरावर १५.

‘मोजतंस काय गो बाय?’ तांडेल हसले. ‘काल इलंस, परवा इलंस, पेपरात कधी येतला?’

सकाळी ७.१५
उजाडलं तसे चेहरे दिसू लागले आणि माझा लेखच बदलला. ३३ जणांत तिशीच्या आतले फक्त दोन. बाकीचे पन्नाशीच्या पुढचे, काही तर सत्तरीचे. तरुण कुठे गेले, हे तीन दिवस माझ्या मनातही आलं नव्हतं, कारण मी माणसं पाहत नव्हते, ‘हात’ पाहत होते. तांडेलांनी हनुवटीनेच दाखवलं: ‘माझो झील थंय, स्कूबाच्या होडयेर आसा.’ शंभर पावलांवर पर्यटकांच्या होड्या लागल्या होत्या. बाप दोर ओढतो आणि मुलगा त्याच पाण्यात पाहुण्यांना मासे दाखवतो.

जाळं आलं. पेडवे, थोडे बांगडे, एक मोरी. वाटे कसे पडतात ते आज नीट विचारून घेतलं: जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, दोर ओढणाऱ्याचा वेगळा.

सकाळी ८.३०
लिलाव. टोपलीभोवती बायकांचा घोळका, बोली इतकी झपाट्याने चढते की लिहून घेता येत नाही. एका मावशींकडून आजचा भाव आणि बसचं भाडं विचारून घेतलं. त्या घाईत होत्या. दुपारी ये म्हणाल्या.

११.००
रोजचं काम. एका रस्त्याची बातमी, एक निवड, काल पोंभुर्ल्यात झालेल्या कार्यक्रमाचा फोटो. काल ६ जानेवारी, पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. त्यांचं मूळ गाव आपल्याच देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले. 'दर्पण'च्या पानावर एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. मला त्या मांडणीचं फार अप्रूप वाटतं. दोन वेगळ्या वाचकांना एकच गोष्ट सांगायची, तर प्रत्येक शब्द पारखून घ्यावा लागला असणार.

दुपारी २.००
जेवून पुन्हा खर्डा घेतला. यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांवरच्या परिच्छेदात मी '२०१६ साली बंदी आली' असं लिहिलं होतं. शासनाचा आदेश पुन्हा वाचला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने घातले ते निर्बंध, सरसकट बंदी नव्हे: कुठे, कधी, किती परवाने. रापणकराला हा फरक पाठ असतो. तो माझा लेख वाचून त्या एका शब्दापाशीच थांबला असता आणि पुढचं काहीच खरं धरलं नसतं. शब्द बदलला.

मग अर्धा तास अनिल अवचटांचं 'पूर्णिया'. सरांनी सांगितलंय, लेखक स्वतः कुठे दिसतो आणि कुठे बाजूला होतो त्या जागी पेन्सिलीने खूण कर. माझ्या खर्ड्यात मी सगळीकडेच होते.

४.००
मावशींच्या ओसरीवर. वही पिशवीतच ठेवली. चहा झाला, नातीच्या शाळेचं झालं, आणि मी निघता निघता त्या म्हणाल्या की रापणीचे मासे कमी असले तरी त्या आधी तिथेच जातात, कारण नवरा त्याच दोरावर होता. हे छापू का, असं विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. ‘छाप. नाव घालू नको.’ गल्लीच्या वळणावर उभं राहून त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून काढले.

६.००
सरांना फोन. ३३ आणि दोन हे आकडे सांगितले. पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘त्या दोघांशी बोललीस?’

नाही बोलले. मला गेलेल्यांचीच चिंता लागली होती, राहिलेले दोघे का राहिले ते विचारलंच नाही.

रात्री ९.३०
समुद्राच्या निळाईची सुरुवात काढून टाकली. चार ओळी होत्या, मला आवडत होत्या. आता लेख उत्तरेच्या दोरापासून सुरू होतो, १८ माणसांपासून. त्या दोघांची जागा मध्ये रिकामी सोडली आहे, साधारण दोनशे शब्दांची. पाचचा गजर लावला.