डोळस बुजगावणं

असोदा गावाचं नाव निघालं की आधी कवयित्री बहिणाबाई आठवतात आणि लगोलग वांग्याचं भरीत. गावच्या शिवारातली राखण मात्र या दोहोंपेक्षा जुनी. ज्वारी हुरड्यात आली की माळा उभा राहायचा. त्यावर गोफण घेऊन घरातलं एखादं पोरगं, नाहीतर म्हातारं माणूस दिवसभर बसायचं. बुजगावणं जोडीला असायचंच, पण त्याचा धाक चार दिवसांचा. पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर कावळा.

बुजगावण्याला डोळे आणि मान दिली तर? जगभरातल्या हौशी कारागिरांनी नेमका हाच उद्योग केला आहे, फक्त तो शेतासाठी नव्हे तर गंमत म्हणून. खेळण्यातली बंदूक, एक वेबकॅम, संगणक, दोन सर्वो मोटरी आणि आर्डुइनो नावाचं छोटं कंट्रोलर सर्किट एवढ्यावर आपोआप वळून नेम धरणारी ‘सेंट्री टरेट’ घरच्या टेबलावर उभी राहते. तिचा थोरला आणि भयंकर भाऊ म्हणजे अमेरिकी नौदलाची फॅलॅन्क्स. 1980 पासून ही सहा नळ्यांची तोफ जहाजावर चालून येणारी क्षेपणास्त्रं स्वतःच हेरून पाडायला सज्ज असते. घरगुती आवृत्तीतून सुटते ती जेमतेम ग्रॅमभर वजनाची फोमची गोळी.

आर्डुइनोचा जन्म 2005 मध्ये इटलीतल्या इव्ह्रेया गावी झाला, तोही विद्यार्थ्यांना स्वस्तात इलेक्ट्रॉनिक्स हाताळता यावं म्हणून. आपल्याकडे 2016 पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबमुळे तो शाळकरी पोरांच्या हातात आला. इतिहास एवढा पुरे. खरी करमणूक सर्वोत आहे.

बोटाच्या दोन पेरांएवढी निळी एसजी-90 सर्वो अवघ्या 9 ग्रॅमची. तिला दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवायचा. तो साधारण 1 मिलिसेकंदाचा असला तर ती एका टोकाला वळते, 2 मिलिसेकंदांचा असला तर दुसऱ्या टोकाला, दीडचा असला तर मधोमध. आपण कुठवर वळलो हे ती पोटातल्या छोट्या पोटेन्शियोमीटरवरून ओळखते आणि चूक उरली तर सुधारत राहते. एक सर्वो आडवी मान फिरवते, दुसरी उभी. बंदूक जड असेल तर प्लास्टिकचे दाते टिकत नाहीत. तिथे धातूच्या दात्यांची एमजी-996 लागते.

पहिल्यांदा करणारे हमखास अडकतात ते विजेपाशी. सर्वोला वीज आर्डुइनोच्याच पिनमधून दिली की ती जोर लावताना एवढा करंट ओढते की आर्डुइनो दम टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बंदूक झटके देते, थांबते, पुन्हा झटके देते. उपाय सोपा आहे: सर्वोला वेगळा सप्लाय द्यायचा, पण त्या सप्लायची आणि आर्डुइनोची ग्राउंड एकमेकांना जोडायची. ती जोडायची राहिली तर सर्वो वेड्यासारखी थरथरते, आणि पोरगं रात्रभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतं.

मग येतो नेमाचा हिशेब. खेळण्यातली गोळी सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने जाते असं धरलं, तर 5 मीटरवर पोचायला तिला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ती फूटभर खाली येते. कॅमेरा आणि संगणकाचा दशांश सेकंद वेगळाच. चालत्या माणसावर नेम धरला असेल, तर गोळी पोचेपर्यंत तो जवळजवळ अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय दात्यांची ढिलाई एक अंशाची असली तरी 5 मीटरवर 9 सेंटिमीटरची चूक. गोफणवाल्याचा हात हा सगळा हिशेब न मांडताच करत असे.

तरीही नेमाची अडचण धाकटीच. थोरली अडचण ओळखण्याची आहे. सोप्या पद्धतीत संगणक आधीचं चित्र आणि आताचं चित्र यांतला फरक काढतो. जे हललं ते सावज. घरातल्या भिंतीसमोर हे झकास चालतं. केळीच्या बागेत नेलं की प्रत्येक पान सावज होतं, ढगाची सावली सरकली तरी बंदूक मान वळवते. डुक्कर कोणतं आणि पाणी द्यायला आलेला मालक कोणता, हे तिच्या गावीही नसतं.

कर्ट ग्रँडिस या अमेरिकी प्रोग्रामरला हाच प्रश्न घरामागच्या अंगणात पडला. पाखरांसाठी ठेवलेलं दाणापाणी खारी फस्त करत होत्या. त्याने कॅमेऱ्याला खार आणि पाखरू यांतला फरक शिकवला आणि खारीवर पाण्याची बंदूक रोखली. 2012 च्या पायकॉन या प्रोग्रामरांच्या परिषदेत त्याने हा सगळा खटाटोप मांडला. आपल्या माळ्यावरच्या म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला असता: पाखरांना वाचवायला एवढी यातायात!

आता रानडुकराचं काय? फोमची गोळी लागल्याचं त्याला कळणारही नाही. म्हणून शेतकरी कुंपणाच्या तारांना झटका मशीन लावतात, आणि काही जण प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइड गन वाजवतात. काळजी वाटते ती याच गनची. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगीसरशी त्याचा स्फोट होतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळसह अनेक शहरांत ही गन खेळणं म्हणून विकली गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या, त्यातही बहुतेक मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली. बार लगेच उडाला नाही म्हणून नळीत डोकावून बघायचं, आणि नेमका तेव्हाच तो उडायचा.

तेव्हा घरात एखाद्या पोराने टरेटचा हट्ट धरला तर करू द्यावं. फक्त बंदूक फोमची नाहीतर पाण्याची असावी, फोमची असेल तर डोळ्यांवर गॉगल असावा, आणि बंदुकीच्या मोटरीची वायर हाताजवळच्या बटणातून न्यावी. ते बटण दाबून धरलं तरच गोळी सुटेल. सोडलं की बंद.